अनाथ नसलेला अनाथाश्रम

हॅम्बुर्ग शहराच्या पूर्वेला, हॉर्न भागाच्या वेशीवर, भुयारी रेल्वेचं एक स्टेशन आहे: राउहेस हाउस. ज्या घराचं नाव या स्टेशनला मिळालं, ते १८३३ साली शहराबाहेरच्या शेतमळ्यांत उभं असलेलं, गवताने शाकारलेलं एक जुनं बैठं घर होतं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे लुथरन मंडळी धर्मसुधारणेचा दिवस पाळतात त्या दिवशी, पंचवीस वर्षांचा योहान हिनरिख विखर्न आई आणि बहिणीला घेऊन तिथे राहायला आला. ईश्वरशास्त्राचं शिक्षण पुरं झालेलं, पण पाळकाची नेमणूक अजून हाती नाही, अशा अवस्थेतला हा तरुण. आठवड्याभरात पहिली मुलं आली आणि नाताळापर्यंत बारा मुलगे झाले.

आज त्याच नावाच्या प्रतिष्ठानात हजाराहून अधिक माणसं नोकरीला आहेत. अडचणीतल्या कुटुंबांना घरी जाऊन मदत, अपंगांसाठी निवास, मनोरुग्णांना आधार, वृद्धांची शुश्रूषा, एक मोठी शाळा आणि समाजकार्य शिकवणारं एक महाविद्यालय असा त्याचा पसारा शहरभर पसरला आहे. जुन्या अर्थाचा अनाथाश्रम मात्र त्यात कुठेच नाही.

हे कसं झालं, असं विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. काळ बदलला, आणि सरकारने काम हाती घेतलं. दोन्ही खरीच आहेत. पण काळ सगळ्यांसाठीच बदलला आणि शेकडो आश्रमांना त्याच काळात टाळं लागलं. राउहेस हाउस का टिकलं, याचं कारण मला त्याच्या पहिल्या दहा वर्षांतच दिसतं. मुलं सांभाळता सांभाळता ते मुलं सांभाळणारी माणसं तयार करत होतं. मुलांचा प्रश्न बदलला तरी अशा माणसांची गरज संपत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. या घरात आलेल्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, जिवंत होते. विखर्नचे स्वतःचेच वडील तो पंधरा वर्षांचा असताना वारले होते. सात भावंडांत तो थोरला. शिकवण्या करून त्याने घर चालवलं, मग गटिंगन आणि बर्लिनला शिकला आणि १८३१ मध्ये परतला. त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये पटकीची साथ आली होती. सांक्ट गेओर्ग या उपनगरात राउटेनबर्ग नावाचे पाळक गरिबांच्या मुलांसाठी रविवारची शाळा चालवत, तिथे तो शिकवू लागला. या शाळेला जोडून एक भेट मंडळ होतं. शिक्षकांनी आठवड्यात मुलांच्या घरी जायचं, मूल का आलं नाही ते बघायचं. विखर्न जायचा आणि आल्यावर लिहून ठेवायचा: एका खोलीत किती जण झोपतात, कोणतं सामान गहाण पडलंय, बाप कामावर आहे की दारूच्या गुत्त्यात, आईवडिलांचं लग्न लागलंय की नाही. बंदराच्या आसपासच्या अरुंद बोळांतली ही टिपणं आज समाजकार्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखीची वाटतील. गृहभेटीचा अहवालच तो, फक्त त्यात पापाचा उल्लेख जास्त.

या टिपणांतून त्याला एक गोष्ट कळली. रविवारचे दोन तास अशा मुलाला पुरत नाहीत. पण दोन तासांपलीकडे शहराकडे होतं काय? तुरुंग, नाहीतर कोंडवाड्यासारखं कामगृह. चोरी करताना सापडलेल्या दहा वर्षांच्या पोराला या दोन्हींच्या मध्ये जागाच नव्हती.

लुथरन जगात अनाथाश्रमाची एक जुनी परंपरा होती आणि विखर्नला ती ठाऊक होती. तिचा मूळपुरुष आउगुस्ट हेरमान फ्रांके. १६९५ मध्ये हाले गावाजवळच्या आपल्या घरातल्या दानपेटीत त्याला एकदम चार थालर आणि सोळा ग्रोशन मिळाले. त्यातून पुस्तकं घेतली, एक विद्यार्थी शिकवायला ठेवला आणि तीन वर्षांत अनाथालयाच्या भव्य इमारतीची पायाभरणी झाली. पुढे तिथे छापखाना, पुस्तकांचं दुकान आणि औषधशाळा आली. औषधं दूरदेशी विकली जायची आणि त्या पैशावर शाळा चालायच्या. १७२७ मध्ये फ्रांके वारला तेव्हा तिथल्या शाळांत दोन हजारांवर मुलं शिकत होती. खरी अनाथ त्यांतली थोडीच.

हालेचे धागे आपल्यापर्यंतही येतात, आणि एक नव्हे, दोन. हालेत शिकलेला क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्त्झ १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरला, पुढे तंजावरला गेला आणि तंजावरच्या भोसल्यांच्या घराण्यातल्या सरफोजी राजांचा पालक-शिक्षक झाला. १७९८ मध्ये तो वारल्यावर सरफोजींनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. दुसरा धागा जॉर्ज म्युलरचा. हा तरुण हालेत शिकत असताना फ्रांकेच्या अनाथालयात फुकट राहिला होता. पुढे ब्रिस्टलमध्ये त्याने प्रचंड अनाथगृहं उभारली, आणि त्याचं चरित्र वाचून ज्यांना बळ आलं त्यांत केडगावच्या पंडिता रमाबाई होत्या. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आणताना पैसा कुठून येणार याची रमाबाईंना जी बेफिकिरी होती, तिचं मूळ शोधत गेलं तर वाट ब्रिस्टलमार्गे हालेच्या दानपेटीपाशी पोचते.

विखर्नने मात्र हालेसारखी मोठी इमारत बांधली नाही. त्याचं यंत्र वेगळं होतं आणि ते जरा थांबून बघण्यासारखं आहे.

त्या काळच्या अनाथाश्रमांत पन्नास-शंभर पोरं एका लांबलचक दालनात झोपत, घंटेवर उठत, घंटेवर जेवत. विखर्नने दहा-बारा मुलांचं एक ‘कुटुंब’ ठरवलं. मूळ घर भरलं तेव्हा ते वाढवलं नाही. १८३४ मध्ये बाजूला दुसरं घर बांधायला काढलं आणि बांधकामाला हात लावला मुलांनीच. मग तिसरं, मग चौथं. १८३५ पासून मुलीही आल्या, त्यांची घरं वेगळी. त्याच वर्षी अमांडा ब्योमे विखर्नशी लग्न करून आली आणि एवढ्या मोठ्या संसाराचा भार तिच्यावरही पडला. प्रत्येक घरात एक तरुण मुलांबरोबर राहायचा, त्यांच्याच खोलीत झोपायचा, त्यांच्याबरोबर जेवायचा, बागेत खणायचा. त्याला ‘बंधू’ म्हणत. सुतारकाम, चांभारकाम, शिवणकाम, भट्टी, बाग अशी कामं सगळ्या घरांना मिळून होती. त्यामुळे मूल राहायचं एका गटात आणि काम करायचं दुसऱ्या गटात. आठवड्याला सगळे बंधू विखर्नबरोबर बसत आणि एकेका मुलाविषयी बोलत.

आवाराला भिंत नव्हती, हे पाहून येणारे पाहुणे चकित होत. नवं मूल आलं की त्याला सांगितलं जायचं की तुझं मागचं सगळं माफ आहे, इथे कुणी ते उकरून काढणार नाही; बघ, इथे ना भिंत, ना खंदक, ना कडी. मुलं पळायची, हे खरं. मग बंधू त्यांना शोधायला शहरात जायचे.

१८४२ च्या मे महिन्यात हॅम्बुर्गमध्ये मोठी आग लागली आणि शहराचा मध्यभाग चार दिवस जळत राहिला. ज्यांच्यातल्या अनेकांचा हात कधीकाळी चोरीत सापडला होता ती थोरली मुलं मदतीला जायचा हट्ट धरून बसली. उघडी पडलेली दुकानं, रस्त्यावर आलेलं सामान, आणि त्यात ही पोरं. विखर्न बिचकला, पण शेवटी त्याने त्यांना जाऊ दिलं आणि ती परत आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून आलेला शिक्षणतज्ज्ञ होरेस मॅन हे घर बघून गेला. युरोपातल्या शाळांवर त्याने मॅसॅच्युसेट्ससाठी जो अहवाल लिहिला, त्यात या संस्थेला मानाची जागा आहे.

नाताळच्या दिवसांत जर्मनीत घरोघरी टेबलावर दिसणारं चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं हाही याच घराचा वारसा. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं डोकं खात. १८३९ मध्ये विखर्नने गाडीचं लाकडी चाक प्रार्थनेच्या खोलीत टांगलं आणि त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. मुलं मोजायलाही शिकली असणार.

या पद्धतीची नक्कलही झाली. फ्रान्समधल्या मेत्रे इथे १८४० मध्ये दमेट्झने हॅम्बुर्ग पाहून वसाहत काढली, पण ‘कुटुंब’ केलं चाळीस-चाळीस मुलांचं. घराचं नाव राहिलं आणि चालायला लागली पलटण. पुढे मिशेल फुको या विचारवंताने आधुनिक तुरुंगव्यवस्था पूर्णत्वाला पोचल्याची खूण म्हणून याच मेत्रेकडे बोट दाखवलं. दहा आणि चाळीस यांत एवढं अंतर असतं.

आता मुख्य कळीकडे येऊ. दहा-बारा मुलांमागे एक माणूस लागतो, म्हणजे शंभर मुलांना दहा. ते आणायचे कुठून? पगार द्यायला पैसा नव्हता आणि पगारावर येणारे पहारेकरी विखर्नला नकोही होते. १८३४ मध्ये स्वित्झर्लंडहून योसेफ बाउमगार्टनर हा पहिला सहायक आला. त्याच्यामागोमाग इतर कारागीर तरुण येऊ लागले. त्यांना राहणं-खाणं मिळायचं, दिवसा मुलांबरोबर काम, उरल्या वेळात बायबल, इतिहास, लेखन, गायन आणि मुलांना कसं वागवायचं याचा अभ्यास. काही वर्षांनी ते बाहेर पडत, आणि त्यांची जागा नवे घेत. शिकाऊ माणसाला काम मिळालं, मुलांना सोबती मिळाला आणि संस्थेला पगार द्यावा लागला नाही. हिशोब असा तिन्ही बाजूंनी जुळला.

बाहेर पडलेले बंधू जिथे गेले ती यादी बघितली की पुढची दीडशे वर्षं समजू लागतात. कुणी दुसऱ्या गावात असंच घर काढलं, कुणी शहरातल्या झोपडवस्तीत फिरता सेवक झाला, कुणी अमेरिकेतल्या जर्मन वसाहतींत गेला. प्रशियाच्या राजाने बर्लिनच्या मोआबिट तुरुंगात त्यांना पहारेकरी म्हणून बोलावलं आणि १८५७ मध्ये खुद्द विखर्नला तुरुंगसुधारणेसाठी सरकारी पदावर घेतलं. यावर टीकाही जबर झाली. कायदेतज्ज्ञ फ्रांत्स फोन होल्त्झेनडोर्फने १८६१ मध्ये पुस्तिका काढून विचारलं की प्रोटेस्टंट राज्याच्या पगारावर हा साधुसंघ कशाला? प्रश्न योग्य होता. तुरुंग राज्याचा, निष्ठा मात्र संस्थेची, ही अडचण आजही धर्मसंस्था सरकारी पैशावर काम करते तिथे तिथे उभी राहते.

पैशाचं यंत्र तितकंच विचारपूर्वक बांधलेलं होतं. जमीन आणि ते जुनं घर दिलं कार्ल झीवेकिंग या हॅम्बुर्गच्या वजनदार अधिकाऱ्याने. शहरातले व्यापारी वर्गणीदार झाले. छापखाना निघाला, आणि १८४४ पासून ‘फ्लीगेंडे ब्लेटर’ हे नियतकालिक. १८५० च्या दशकात सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी फी घेणारी निवासी शाळा निघाली, तिच्यातून आजची मोठी शाळा वाढली. पण देणगीदाराला बांधून ठेवणारा खरा दोर होता छापील वार्षिक अहवाल. त्यात मुलाची अधोगती असायची, मग घरात येणं, मग सुधारणा. देणगी मागणारी कुठलीही संस्था आजही असाच अहवाल काढते. त्याची किंमत मुलाला मोजावी लागते: तो वाचवला गेला हे दाखवण्यासाठी आधी तो किती बिघडलेला होता ते छापावं लागतं. ‘मागचं कुणी उकरून काढणार नाही’ हे वचन आणि वार्षिक अहवाल यांचं पूर्ण जमणं कठीणच.

सप्टेंबर १८४८ मध्ये, क्रांतीच्या त्या वर्षात, विटेनबर्गला भरलेल्या चर्चसभेत विखर्नने भाषण केलं आणि विखुरलेल्या अशा सगळ्या कामांना ‘अंतर्गत मिशन’ या नावाखाली एकत्र आणलं. पुढच्या वर्षी त्याची केंद्रीय समिती झाली. आजची ‘डियाकोनी’ ही जर्मन प्रोटेस्टंट सेवासंस्थांची संघटना तिचीच वंशज आहे. तिच्या छत्राखाली सहा लाखांहून अधिक माणसं नोकरी करतात. विखर्नला मजुरांच्या हक्कांविषयी ममत्व नव्हतं. क्रांती त्याला देवाला विसरल्याची शिक्षा वाटत होती. दारिद्र्य पाहण्याची त्याची नजर तीक्ष्ण होती, उपाय मात्र त्याला चर्चच्या दारातच दिसत.

अमेरिकेत हे रोप वेगळ्या मातीत वाढलं. विल्यम पासावंट या लुथरन पाळकाने १८४९ मध्ये जर्मनीतल्या कैझर्सवेर्टहून चार सेविका पिट्सबर्गला आणवल्या आणि १८५४ मध्ये झेलिनोपल गावात अनाथ मुलांची शेतीशाळा काढली. ती सांभाळायला आलेला गेओर्ग होल्स हा विखर्नच्या घरात तयार झालेला माणूस. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट व्हर्ननला युद्धातल्या अनाथांसाठी ‘वार्टबर्ग’ शेतीशाळा निघाली, तेव्हा तिथेही होल्सच गेला. मग १९०९ साली व्हाइट हाउसमधल्या परिषदेने म्हटलं की केवळ गरिबीपायी मूल घरापासून तोडू नये. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निराधार मातांच्या हाती थोडा पैसा दिला. आईला महिन्याला काही रक्कम मिळाली की ती मुलाला आश्रमात घालत नाही. इतक्या साध्या कारणाने आश्रम रिकामे होऊ लागले. झेलिनोपलची संस्था आज ‘ग्लेड रन’ नावाने मुलांच्या मानसिक आरोग्याचं आणि विशेष शिक्षणाचं काम करते. वार्टबर्गमध्ये आता म्हातारी माणसं राहतात.

जर्मनीत हे वळण कायद्याने घेतलं. १९२२ चा राष्ट्रीय बालकल्याण कायदा १९२४ पासून लागू झाला. प्रत्येक जर्मन मुलाला संगोपनाचा हक्क आहे, असं त्याने म्हटलं आणि गावोगावी ‘युगेंडआम्ट’, म्हणजे मुला-तरुणांचं सरकारी खातं, उभं केलं. त्याच वेळी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संस्थांच्या दबावामुळे एक तत्त्व कायद्यात पक्कं झालं: जे काम स्वयंसेवी संस्था करू शकते ते आधी तिला करू द्यावं, सरकारने पैसा आणि देखरेख पाहावी. या एका तत्त्वाने धर्मादाय घरांचं सेवासंस्थांत रूपांतर करण्याचं निम्मं काम केलं. सरकारने त्यांचं काम काढून घेतलं नाही, विकत घेतलं.

पुढचं पान काळं आहे आणि ते उलटून पुढे जाता येत नाही. १९३१ मध्येच, नाझी सत्तेवर येण्याआधी, ट्रेयझाच्या परिषदेत अंतर्गत मिशनच्या तज्ज्ञांनी ‘आनुवंशिक दोष’ असलेल्यांच्या नसबंदीला संमती दिली होती. १९३३ नंतर अशा संस्थांतूनच त्या शस्त्रक्रियांसाठी नावं गेली. हॅम्बुर्गमधल्याच आल्स्टरडोर्फ या दुसऱ्या लुथरन आश्रमातून अपंग रहिवाशांना गाड्यांत घालून पाठवलं गेलं आणि त्यांतले पाचशेहून अधिक मारले गेले. मूल कुणाच्या ताब्यात आहे, त्याची नोंद कुणाकडे आहे, हा प्रश्न किती घातक ठरू शकतो याचं याहून भयंकर उदाहरण नाही. इतकी वर्षं मायेने ठेवलेली टिपणवही फिरली की याद्या होतात.

जुलै १९४३ च्या बॉम्बवर्षावात हॉर्न आणि शेजारचा हाम भाग बेचिराख झाला, राउहेस हाउसचं आवारही जवळजवळ सगळं गेलं. युद्धानंतर संस्थांत मुलांचा लोंढा आला आणि पश्चिम जर्मनीतल्या आश्रमांत पुन्हा मोठी दालनं, मार, सक्तीचं काम सुरू झालं. १९४९ ते १९७५ या काळात सात-आठ लाख मुलं अशा आश्रमांत राहिली, आणि बहुतेक आश्रम चर्चचे होते. १९६९ मध्ये विद्यार्थी आंदोलकांनी आश्रमांविरुद्ध मोहीम उघडली. मुलांना तिथे झालेल्या छळाची अधिकृत दखल घ्यायला मात्र बराच काळ गेला. संसदेच्या पुढाकाराने बसलेल्या गोलमेज मंडळाचा अंतिम अहवाल २०१० मध्ये आला आणि २०१२ पासून नुकसानभरपाईसाठी निधी उघडला. तोवर अनेक जण गेलेले होते.

१९७० नंतर मोठे आश्रम फुटले. मुलं शहरातल्या साध्या फ्लॅटमध्ये, सहा-सातच्या गटात राहू लागली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅम्बुर्गने बंदिस्त सुधारगृहंच बंद केली. म्हणजे भिंत नसलेल्या घराकडे परत यायला शहराला दीडशे वर्षं लागली. राउहेस हाउसने १९७१ मध्ये आपल्या जुन्या बंधू-शाळेचं समाजकार्याच्या महाविद्यालयात रूपांतर केलं. आश्रम फुटत असतानाच शाळा पदवी देऊ लागली, त्यामुळे शहराला हव्या असलेल्या नव्या कामांसाठी माणसं आधीच घरात होती. केवळ इमारत आणि खाटा असलेल्या संस्थांची नेमकी इथेच पंचाईत झाली.

आज हे प्रत्यक्षात कसं चालतं? समजा, हॅम्बुर्गच्या बिलश्टेट भागातल्या एका बाईचा दहा वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही, घरी वस्तू फोडतो, आणि बाई थकून गेली आहे. १९९१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार मदत मागण्याचा हक्क तिचा आहे. ती युगेंडआम्टमध्ये अर्ज करते. तिथली समाजसेविका तिच्याशी आणि मुलाशी बोलते, आणि तिघं मिळून मदत-आराखडा ठरवतात. आठवड्यातून काही तास कुणी घरी यावं, की मुलाने शाळेनंतर दिवसगटात जावं, की काही काळ दुसऱ्या कुटुंबात किंवा गटघरात राहावं? कोणत्या संस्थेकडून मदत घ्यायची यातही आईचं मत धरलं जातं. तिने राउहेस हाउस निवडलं तर तिथला कार्यकर्ता येऊ लागतो, आणि ठरलेल्या मुदतीने सगळे पुन्हा बसून आराखडा तपासतात. मुलाच्या जिवाला धोका असेल तर मात्र गोष्ट आईच्या मर्जीवर राहत नाही, कुटुंब न्यायालय मध्ये येतं.

पैसा अर्जाच्या मागून जातो. संस्था आणि शहर यांच्यात आधीच करार असतो: गटघरात एका मुलाचा एका दिवसाचा दर अमुक, घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याचा तासाचा दर तमुक. त्यात पगार, भाडं, जेवण, देखभाल सगळं धरलेलं असतं. देणग्या येतात त्या सहल, वाद्यं, एखादा नवा प्रयोग यासाठी. या व्यवस्थेची खोट मला वार्षिक अहवालाच्या खोटीइतकीच मोठी वाटते. खोली रिकामी राहिली की संस्थेचं उत्पन्न तुटतं, आणि तासावर पैसे मिळणाऱ्या कार्यकर्त्याला दाराशी दहा मिनिटं जास्त रेंगाळणं परवडत नाही. विखर्नच्या काळी देणगीदाराला खूश ठेवावं लागे, आता दरपत्रकाला.

आणि खरी अनाथ मुलं? ती असतात, पण थोडी. ती नातेवाइकांकडे, पालक-कुटुंबाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या पालकाच्या देखरेखीत राहतात. २०१५ च्या सुमारास सीरिया-अफगाणिस्तानातून एकटी पोचलेली हजारो किशोरवयीन मुलं आली तेव्हा जर्मन संस्थांना बऱ्याच वर्षांनी आईबापांविना आलेल्या मुलांसाठी घाईघाईने खाटा मांडाव्या लागल्या.

राहता राहिला ‘लुथरन’ हा शब्द. मदत घेणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही. नोकरी करणाऱ्याचा मात्र चर्चसंस्था विचारत आल्या. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की एखाद्या कामासाठी चर्चचं सदस्यत्व खरोखर आवश्यक आहे का, हे न्यायालय तपासू शकतं. २०२४ पासून जर्मन प्रोटेस्टंट चर्चने आपली नियमावली सैल केली. उपासना, धर्मशिक्षण किंवा संस्थेचं धार्मिक रूप जपणारी पदं सोडून इतर ठिकाणी सदस्यत्वाची सरसकट अट राहिली नाही. हॉर्नच्या महाविद्यालयात शिकणाऱ्याला शासनमान्य समाजकार्याची पदवी मिळते, आणि ज्याला हवं त्याला बंधू-भगिनी संघात येऊन चर्चचा सेवक म्हणून दीक्षाही घेता येते.